मजुरी तेवढीच, फ्रीज मात्र डबल डोअर: मग माल घेतंय कोण?

गल्ल्यावरून (१ एप्रिल २०२५, रात्री १०:४०)

एप्रिल फूल नाही, खरंच विचारतोय.

परवा पाडवा झाला. इचलकरंजीत आमचं टीव्ही-फ्रीजचं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. पाडव्याला दिवसभरात ४१ नग गेले. रात्री शटर अर्धं ओढून हिशेब लावला तर त्यातले ३२ हप्त्यावर. पूर्ण पैसे मोजून माल नेणारे नऊ. वडिलांच्या काळीही उधारी होती, पण ती आमची होती. लाल कापडाची वही, आणि कुणाला किती द्यायचं ते वडील माणूस बघून ठरवायचे. आता काउंटरला लागून फायनान्स कंपनीची दोन पोरं टॅब घेऊन बसतात. आधार, पॅन, ओटीपी, सिबिल. चार मिनिटांत मंजूर. माझे पैसे मला कंपनी देते, पुढचं ते आणि गिऱ्हाईक बघून घेतात.

संध्याकाळी एक माग कामगार आला. वीस वर्षांची ओळख. बारा तासांची पाळी, मजुरी पिकावर (म्हणजे मागावर किती धागे विणले त्यावर). मी सहज विचारलं, "मजुरी वाढली का नाही?" तर म्हणाला, "कुठली वाढतीय ओ, तीच हाय. पण पोरीचं लगीन ठरलंय, फ्रीज नको व्हय द्यायला?" सिंगल डोअर बघायला आलेला माणूस डबल डोअर घेऊन गेला, कारण हप्त्यात फरक फक्त साडेसहाशेचा. टॅबवर मला दिसत होतं, मोबाईलचा एक आणि दुचाकीचा एक असे दोन हप्ते आधीच चालू आहेत. तरी मंजूर.

माझा प्रश्न साधा आहे. देशाची वाढ सहा-साडेसहा टक्क्यांनी चाललीय म्हणतात. शेअर बाजार पाच वर्षांत कुठल्या कुठे गेला. माझ्या गिऱ्हाइकांची मजुरी मात्र जागची हलत नाही. मग हा वाढलेला माल घेतंय कोण, कशाच्या जिवावर, आणि असं किती दिवस चालतं? जाणकारांनी मराठीत सांगावं. शिव्या दिल्या तरी चालेल.

सव्वाशेर (१ एप्रिल, १०:५२)

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. हप्त्यावर.

एसआयपी_सम्राट (१ एप्रिल, ११:१५)

लेखक महोदय, ३२ लोकांना कर्ज मिळालं यात रडण्यासारखं काय आहे? माझ्या आजोबांनी स्कूटरसाठी नंबर लावला होता, गाडी आली तेव्हा वडील कॉलेजात होते. आज चार मिनिटांत फ्रीज घरी येतो. गरिबाला बँक उभं करत नाही म्हणूनही तुम्हीच ओरडणार आणि उभं केलं तरी तुम्हीच.

आकडाच हवा असेल तर आपल्याकडे घरगुती कर्ज जीडीपीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. २००७ साली अमेरिकेत ते शंभराच्या जवळ होतं. आपण कुठे, ते कुठे!

लिंबूसरबत (१ एप्रिल, ११:३१)

मुलीच्या लग्नात फ्रीज "द्यायला लागतो" यावर कुणीच काही बोलणार नाही का? कर्ज राहू द्या बाजूला, याला हुंडा म्हणतात.

फळा_खडू (२ एप्रिल, सकाळी ७:०५)

लिंबूसरबत यांच्याशी सहमत, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, हा हायजॅक होईल.

गल्ल्यावरून, तुम्ही जे विचारलंय ते पोलंडच्या कालेत्स्की नावाच्या गृहस्थाने १९३० च्या दशकात विचारलं होतं. तुमच्याच गावातलं उदाहरण घेतो. एका माग मालकाने मजुरी दाबली तर त्याचा फायदा. गावातल्या सगळ्या मालकांनी एकदम दाबली तर? मजुरी मालकाच्या वहीत खर्च असते, पण तुमच्या गल्ल्यात तीच विक्री असते. कामगार हातात येतील ते जवळजवळ सगळे खर्च करतो. मालक दहा रुपये जास्त कमावतो तेव्हा त्यातले दोनच खर्च करतो, बाकीचे ठेवतो. म्हणजे उत्पन्न खालून वर सरकलं की एकूण मागणीत खड्डा पडतो.

आता लगेच कुणी म्हणेल की मालक ठेवलेल्या पैशातून नवे माग घेईल, त्यातून कामं निघतील. निघू शकतात. १९९० मध्ये अमित भादुरी आणि स्टीफन मार्ग्लिन यांनी नेमकं हेच मांडलं. काही अर्थव्यवस्था मजुरी वाढली की धावतात, काही नफा वाढला की. कुठली कशी, ते कामगार आणि मालक यांच्या खर्चाच्या सवयींवर, मालकाच्या गुंतवणुकीवर आणि परदेशी व्यापारावर ठरतं. भादुरी आपल्याकडचेच, जेएनयूत शिकवायचे.

खरी गंमत १९८० नंतरची. कंपनी कुणासाठी चालवायची याचं उत्तरच बदललं. भागधारकासाठी, भाव वर राहील अशी. अमेरिकेत १९८२ मध्ये नियम बदलला आणि कंपन्यांना स्वतःचेच शेअर बाजारातून परत घेणं सोपं झालं. नफा नव्या यंत्रात घालण्यापेक्षा लाभांशात आणि बायबॅकमध्ये जायला लागला. म्हणजे मजुरी दाबलेलीच, वर गुंतवणूकही थंड. खड्डा दुहेरी झाला. यालाच वित्तप्रधान भांडवलशाही म्हणतात. आता एवढा खड्डा पडून गाडी चालते कशी? कुणीतरी तो भरत असतं. एकतर कामगाराला कर्ज द्या आणि त्यालाच माल विका, नाहीतर माल परदेशात विका, म्हणजे कर्ज परदेशातल्या गिऱ्हाइकाने काढावं. सरकारने खर्च करायचा हाही मार्ग आहे, पण वित्तबाजाराला तूट फारशी आवडत नाही.

तुमच्या दुकानातली टॅबवाली पोरं पहिल्या मार्गाचे मुकादम.

तिरपागडे (२ एप्रिल, ७:४०)

कालेत्स्की की कालेकी? आम्हाला कॉलेजात कालेकी शिकवला.

फळा_खडू (२ एप्रिल, ७:४४)

पोलिश उच्चार कालेत्स्की. तुम्हाला शिकवणारा मी नसेन अशी आशा.

जर्सीची_गाय (२ एप्रिल, सकाळी ९:२०)

नाव बघून हसू नका, न्यू जर्सीत २२ वर्षं झाली.

पहिला मार्ग मी शेजारच्या घरात बघितलाय. २००५-०६ ची गोष्ट. शेजारी शाळेच्या बसचा ड्रायव्हर, बायको दवाखान्यात. पगार फार नव्हते आणि वाढतही नव्हते. पण घराची किंमत दर वर्षी वाढायची आणि तो दर वर्षी घरावर नवं कर्ज काढून जुनं फेडायचा, वरचे पैसे खिशात. त्या पैशातून स्वयंपाकघरात ग्रॅनाइट आला, मग मोठी गाडी, मग मुलीचं कॉलेज. माझा नवरा म्हणायचा, हा माणूस घरात राहत नाही, एटीएममध्ये राहतो. आम्ही नवीन होतो, मनातून थोडा हेवाच वाटायचा. भाड्याच्या घरात बसून आपण डाळभात खात मुदतठेवी कसल्या करतोय!

इथल्या मध्यवर्ती बँकेने २००३ मध्ये व्याजदर एक टक्क्यावर आणला होता, २००६ च्या जूनपर्यंत सव्वापाचवर नेला. पहिली दोन वर्षं कमी व्याज, मग चढं, अशा करारांचे हप्ते फुगले आणि तेव्हाच घरांच्या किमती वाढायच्या थांबल्या. लेहमन ही मोठी बँक बुडाली सप्टेंबर २००८ मध्ये, पण आमच्या गल्लीत जप्तीच्या पाट्या २००७ पासूनच लागत होत्या. शेजारी गेला तेव्हा तो ग्रॅनाइट तसाच होता. पुढे २००९ च्या ऑक्टोबरात बेकारी १० टक्के झाली, त्यात माझाही नंबर लागला. साडेचार महिने.

त्याच काळात वरच्या एक टक्क्याचा उत्पन्नातला वाटा १९८० च्या मानाने जवळपास दुप्पट झाला होता. ते आम्हाला नंतर कळलं. आम्ही आपले ग्रॅनाइट बघत होतो.

अर्थतज्ज्ञ रघुराम राजन यांनी २००५ मध्येच एका सभेत सांगितलं होतं की वित्तबाजारातला धोका वाढतोय. तिथे अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॅरी समर्स यांनी त्यांना जवळजवळ यंत्रमोडे, म्हणजे नव्याला घाबरणारे, ठरवलं. राजन यांनी पुढे हेही मांडलं की विषमतेवर राजकारण्यांना सगळ्यात सोपं औषध सापडलं ते कर्ज. पगार वाढवायला भांडावं लागतं, कर्जाला नुसती सही पुरते.

भोंगा (२ एप्रिल, दुपारी १:१०)

जर्सीताई, तुमचा ग्रॅनाइट वाचून आमच्या चाळीतली लादी आठवली.

फळा_खडू सर म्हणतात की नफा यंत्रात जायचा थांबला. लालबागच्या पोराला हे शिकवायला लागत नाही. माझे वडील साचा खात्यात होते. गिरणीचं नाव घेत नाही. मालकाने माग बदलायचे सोडले होते ते संपाच्या कितीतरी आधी. वडील सांगायचे, सुटा भाग मागितला तर बंद पडलेल्या मागाचा काढून द्यायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख कामगार, दत्ता सामंत डॉक्टर. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. लोक म्हणतात संपाने गिरण्या मारल्या. संपाने घाव घातला हे खरं, पण मालकाला तोवर कळून चुकलं होतं की खालची जमीन सुतापेक्षा जास्त पैसा देते.

१९९१ च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे होते. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात बदल केला. वाटणी फक्त "मोकळ्या" जमिनीची, बांधकामाखालची नाही. गिरणीत मोकळी जमीन असते किती? चिमणीभोवतीची! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तेच कायम झालं. मग टॉवर, मॉल, आणि त्या टॉवरांत म्युच्युअल फंडांची ऑफिसं. माझी बायको अशाच एका ऑफिसात होती, वडील ज्या आवारात साच्यावर उभे राहायचे त्याच आवारात. वडील एकदा तिला डबा द्यायला गेले तर वॉचमनने गेटवर थांबवलं. घरी येऊन म्हणाले, "गेट तेच हाय, फक्त पास बदललाय."

पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर व्याजाने पैसे देणारे पठाण काठी घेऊन उभे असायचे, असं जुने लोक सांगतात. टॅबवाली पोरं वाचून तेच आठवलं. फरक एवढाच की पठाणाला तोंड तरी होतं, त्याच्याशी भांडता यायचं.

सव्वाशेर (२ एप्रिल, १:२५)

भोंगा, _/\_

पॉपकॉर्न घशाखाली उतरेना.

श्वार्त्सवाल्ड (२ एप्रिल, रात्री ११:०५)

दुसऱ्या मार्गावर मी राहतो. श्टुटगार्टजवळ, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत.

जर्मन माणूस कर्ज काढत नाही, हप्त्यावर फ्रीज घेणं म्हणजे त्याला चोरी केल्यासारखं वाटतं. इथल्या जवळजवळ निम्म्या लोकांचं स्वतःचं घरही नाही, भाड्याने राहतात. तेव्हाच्या चान्सलर मर्केलबाईंनी २००८ च्या अखेरीस इथेच श्टुटगार्टात सांगितलं होतं की अर्थव्यवस्था कशी चालवायची ते श्वाबियन (म्हणजे आमच्या या भागातल्या) गृहिणीला विचारा. म्हणजे आपलं अंथरूण पाहून पाय पसरावे. टाळ्या पडल्या.

पण पडद्यामागे काय होतं? २००३ ते २००५ मध्ये कामगार कायदे सैल केले, बेकारभत्ता आखडला, महिना ४०० युरोच्या "मिनी जॉब"चं पीक आलं. किमान वेतनाचा कायदाच नव्हता, तो आला २०१५ मध्ये, तासाला साडेआठ युरो. त्या अख्ख्या दशकात महागाई वजा केली तर मजुरी जवळजवळ हलली नाही. इथेही खड्डा पडलाच की! तो भरला स्पेनने, ग्रीसने, अमेरिकेने. त्यांनी कर्ज काढून आमच्या गाड्या घेतल्या. मार्क (जुनं जर्मन चलन) असता तर त्याचा भाव चढला असता आणि आमचा माल महागला असता. युरो असल्यामुळे तेही झालं नाही. २०१५ च्या सुमारास आमचं चालू खात्यावरचं आधिक्य (परदेशात जाणाऱ्यापेक्षा तिथून येणारा पैसा जेवढा जास्त, ते) जीडीपीच्या आठ टक्क्यांवर गेलं होतं.

म्हणजे शेजाऱ्याने अंथरुणाबाहेर पाय पसरले म्हणून श्वाबियन बाईचा माल खपला, आणि मग हीच बाई शेजाऱ्याला शिस्त शिकवायला निघाली. २०१० नंतर ग्रीसच्या वेळी कँटीनमध्ये रोज हेच ऐकायचो, आळशी लोक वगैरे. मी एकदा म्हटलं, ते आळशी नसते तर तुमच्या गाड्या कुणी घेतल्या असत्या? आठवडाभर माझ्याशेजारी कुणी जेवायला बसलं नाही.

आता बघा. २०२३ आणि २०२४, सलग दोन वर्षं इथली अर्थव्यवस्था आकसली. चीन आमच्या गाड्या घ्यायच्याऐवजी स्वतःच्या विकतोय. आमच्या विभागात पाळ्या कमी केल्यात. गेल्याच महिन्यात संसदेने कर्जावरचा घटनात्मक लगाम सैल केला, रस्ते-पूल-रेल्वेसाठी ५०० अब्ज युरोंचा निधी. श्वाबियन बाईने शेवटी कर्जाचा फॉर्म भरला.

पासबुक (३ एप्रिल, सकाळी ६:३०)

श्वार्त्सवाल्ड दादा, बेस्ट प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

मी सांगली जिल्ह्यात पतपेढीत आहे. वसुलीला जावं लागतं, म्हणून टॅबच्या पलीकडचं सांगते. बायकांच्या गटाची कर्जं बघा. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की घराचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर महिन्याचे सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जायला नकोत. नियम चांगला आहे. पण उत्पन्न ठरवतं कोण? कर्ज द्यायचं टार्गेट ज्याच्या डोक्यावर आहे तोच पोरगा. शेतमजूर बाईचं उत्पन्न तो फॉर्मवर महिना २२ हजार लिहितो. मी विचारलं, "काय रे, हिच्या दारात बावीस हजार कधी आले?" म्हणाला, "मॅडम, त्याशिवाय सिस्टीम पुढं जात नाही."

एका बाईकडे पाच गटांची कर्जाची कार्डं होती. सोमवारी एका गटाचा हप्ता, बुधवारी दुसऱ्याचा. बुधवारचा भरायला सोमवारच्याकडून टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज. तिने मला कॅलेंडर दाखवलं, वारांवर रंगीत टिकल्या लावलेल्या. लाल टिकली म्हणजे दारात येऊन बसणारे, हिरवी म्हणजे फोनवर ऐकणारे. घरात सोनं उरलं नव्हतं, तेही तारण.

म्हणून सम्राटदादा, चाळीस टक्के ही देशाची सरासरी झाली. त्या बाईच्या कॅलेंडरला सरासरी नसते.

एसआयपी_सम्राट (३ एप्रिल, ८:५०)

ताई, मान्य, वाईट आहे. पण एका कॅलेंडरवरून देश ठरत नाही. सरकारी घरगुती खर्चाचं सर्वेक्षण बघा. २०२२-२३ ते २०२३-२४ मध्ये विषमतेचा जिनी आकडा शहरांत ०.३१४ वरून ०.२८४ वर आला, गावांत ०.२६६ वरून ०.२३७ वर. म्हणजे विषमता कमी होतेय! तिकडे फ्रेंच अर्थतज्ज्ञ पिकेटी आणि मंडळी म्हणतात वरच्या एक टक्क्याकडे २२.६ टक्के उत्पन्न आणि ४०.१ टक्के संपत्ती. कुणाचं खरं धरायचं? ज्याला जे सोयीचं ते.

दुसरं, २०२२-२३ मध्ये घरांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या पाच टक्क्यांच्या जरा वर एवढी खाली आली म्हणून बोंब झाली. अर्थमंत्रालयाने तेव्हाच सांगितलं होतं की लोक घरं आणि गाड्या घेतायत, पैसे विटांत गेलेत, उडवलेले नाहीत.

फळा_खडू (३ एप्रिल, ९:३५)

सम्राट, तुमचा हा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात उपयोगी आहे, तुमच्या मनात नसताना.

दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. तुमचा जिनी खर्चाचा आहे, त्यांचे आकडे उत्पन्नाचे आणि संपत्तीचे. इचलकरंजीच्या त्या माणसाकडे सर्वेक्षणवाला गेला तर काय लिहील? फ्रीज आहे, मोबाईल आहे, दुचाकी आहे. खर्च वाढला, तफावत कमी झाली. मजुरी तीच आहे आणि तीन हप्ते चालू आहेत, हे त्या आकड्यात शिरतच नाही. शिवाय असल्या सर्वेक्षणांना टॉवरातले लोक दार फारसं उघडत नाहीत. २००८ च्या आधी अमेरिकेतही काही अर्थतज्ज्ञ हेच सांगत होते, की उत्पन्नातली तफावत वाढली तरी खर्चातली तेवढी वाढलेली नाही. जर्सीताईंच्या शेजाऱ्याचा ग्रॅनाइट त्या हिशेबात समतेच्या बाजूला धरला होता.

घरांचा मुद्दा मात्र मला मान्य. घरासाठीचं कर्ज आणि मोबाईलचं कर्ज एका मापाने मोजू नये. तेवढ्यापुरते तुम्ही बरोबर.

तिरपागडे (३ एप्रिल, ११:००)

पहाटे अमेरिकेने आयातशुल्क जाहीर केलं, बघितलं ना? भारतावर २६, युरोपवर २०. श्वार्त्सवाल्डचा दुसरा मार्गही बंद.

आता कबुली. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने गेल्या वर्षी आकडे दिले, २०२१-२२ पासूनच्या तीन वर्षांत वायद्यात आणि ऑप्शनमध्ये (पुढच्या भावावरच्या सौद्यांत) खेळणाऱ्या दर १०० जणांतल्या ९३ जणांनी पैसे गमावले, मिळून १.८ लाख कोटी. मी त्या ९३ मधला. पगारवाढ नाही म्हणून "साइड इन्कम" करायला गेलो होतो. दर गुरुवारी सौद्यांची मुदत संपायची, तेव्हा जेवताना लक्ष ताटात कमी आणि फोनमध्ये जास्त. किती गेले ते सांगत नाही, बायकोही इथे वाचते.

माझे गेले ते कुणाला मिळाले? तेही त्याच अहवालात आहे. दलाली पेढ्यांचे स्वतःचे व्यवहार आणि परदेशी फंड, तेही बहुतेक संगणकाने केलेले सौदे. म्हणजे मी नुसता खड्ड्यात पडलो नाही, फावडंही मीच पुरवलं.

लिंबूसरबत (३ एप्रिल, ११:२०)

बायकोने वाचलंय. फावड्याची किंमत घरी आल्यावर बोलू.

सव्वाशेर (३ एप्रिल, ११:२२)

😳😳 हा धागा आता कौटुंबिक झाला.

फेणी_विदाऊट_सोडा (३ एप्रिल, दुपारी ४:१५)

धागा गोव्यात आणतो. २० सप्टेंबर २०१९, पणजी, जीएसटी परिषदेचा दिवस. निर्मलाबाईंनी सकाळीच कंपनी कर ३० वरून २२ टक्के केल्याचं जाहीर केलं. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडला. सेन्सेक्स १,९०० हून जास्त अंकांनी उसळला. मी बंदोबस्तात अडकलो होतो, पाव आणायला गेलेला माणूस दोन तासांनी घरी.

सांगितलं असं होतं की या पैशातून कारखाने येतील. फळा_खडू सर, आले का?

फळा_खडू (३ एप्रिल, रात्री ९:१०)

आले असते तर सरकारच्याच आर्थिक पाहणीने तक्रार केली नसती. गेल्या जानेवारीतली पाहणी सांगते की २०२३-२४ मध्ये निफ्टी ५०० मधल्या कंपन्यांचा नफा जीडीपीच्या ४.८ टक्के झाला, २००७-०८ नंतरचा सर्वोच्च. पुढे तीच म्हणते की मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि रोजगार दीड टक्क्याने. हे कुठल्या लाल बावट्याच्या पत्रकातलं नाही. कारखान्यांतल्या दर १०० कामगारांतले ४० आता कंत्राटी आहेत. यंदाच्या बजेटमध्ये १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं ते उगाच नाही, दिल्लीलाही गिऱ्हाईक कमी पडतंय.

आणि बँका घरगुती कर्जाकडे का वळल्या? २०१८ च्या मार्चमध्ये थकीत कर्जं ११ टक्क्यांच्या वर गेली होती. रस्ते, वीज, पोलाद, सगळ्या मोठ्या उद्योगांनी तोंड पोळलं. मग बँकांना तुमचा माग कामगार जास्त भरवशाचा वाटायला लागला, कारण तो बुडवत नाही, पोट मारून भरतो. आज बँकांच्या कर्जात वैयक्तिक कर्जांचा वाटा उद्योगांच्या कर्जापेक्षा मोठा आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने विनातारण कर्जांवर लगाम खेचला, म्हणजे तिलाही टॅब दिसलेत.

संपादक मंडळ (४ एप्रिल, सकाळी १०:००)

राजकीय पक्षांची नावं घेऊन आलेले तीन प्रतिसाद उडवले आहेत. हुंड्यावर वेगळा धागा सुरू झाला आहे, तिकडे भांडावे.

कांदेनवमी (४ एप्रिल, १२:३०)

उशीर झाला. मला अजून पहिल्या प्रश्नाचं उत्तर सापडलं नाही. "किती दिवस चालतं?" हे कुणीच सांगितलेलं नाही.

जर्सीची_गाय (४ एप्रिल, रात्री ८:४५)

कांदेनवमी, तारीख कुणालाच सांगता येत नाही. आमच्याकडे २००३ पासून लोक "फुटणार, फुटणार" म्हणत होते. जे खरं बोलत होते ते तीन-चार वर्षं मूर्ख ठरले. मी एवढंच सांगू शकते की फुटलं ते हप्ते वाढले म्हणून एकट्याने नाही. वरच्या मालमत्तेचा भाव चढायचा थांबला, तेव्हा जुनं कर्ज नव्याने फिरवता येईना. घर चढत होतं तोवर फिरवता येत होतं.

पासबुक (४ एप्रिल, ९:१०)

आमच्याकडे घराऐवजी सोनं. भाव चढतोय तोवर बाई त्याच बांगड्यांवर दर वर्षी जास्त कर्ज उचलते आणि आधीचं फेडते. बांगड्या पाच वर्षांपूर्वी होत्या त्याच, तोळाभर वाढलेलं नाही. मला भीती कशाची वाटते ते तुम्हाला कळलं असेल.

एसआयपी_सम्राट (४ एप्रिल, ९:४०)

हे मात्र खरंच विचार करण्यासारखं आहे. (नोंद घ्या, मी हे लिहिलंय.)

गल्ल्यावरून (५ एप्रिल, रात्री ११:३०)

सगळ्यांचे आभार. दुकान बंद करून रोज वाचत होतो, बायको म्हणते एवढा अभ्यास दहावीत केला असता तर बरं झालं असतं.

दोन गोष्टी सांगतो.

काही जणांनी व्यनित (खाजगी निरोपात) विचारलं की "झिरो कॉस्ट", म्हणजे बिनव्याजी हप्ता, खरंच झिरो असतं का. नाही. रोखीच्या गिऱ्हाइकाने घासाघीस केली तर मी जी सूट देतो, तीच हप्तेवाल्याच्या बाबतीत व्याज म्हणून फायनान्स कंपनीकडे जाते. वर प्रोसेसिंग फी. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला माल स्वस्त, नाहीत त्याला महाग. रोज करतोय हे, लिहिताना पहिल्यांदा वाचलं.

दुसरं. आमच्या दुकानामागे एकाचा यंत्रमाग कारखाना आहे, २४ माग, साधे, जुने. ते आमचे दूरचे मामा. फळा_खडू सरांचा पहिला प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला आणि विचारलं, मामा, मजुरी वाढवत नाही ते समजलं, पण नवीन शटललेस (बिनधोट्याचे, आधुनिक) माग का नाही घेत? त्यांनी कपाटातून फाईल काढली. त्यात मागांचं कोटेशन नव्हतं, म्युच्युअल फंडांची स्टेटमेंटं होती. म्हणाले, "मागात घातले तर सूत, वीज, कामगार, व्यापारी, चौघांच्या शिव्या खायच्या आणि सुटतात किती? हितं दर महिन्याच्या पाच तारखेला कापलं जातं, डोक्याला ताप नाही. आठ माग गेल्या वर्षी भंगारात काढले, ते पैसे पण यातच हायत." मी विचारलं, त्या आठ मागांवरची माणसं? म्हणाले, "एक तुझ्या दुकानात परवा फ्रीज घेऊन गेला की."

तोच तो. मला माहीतच नव्हतं की त्याच्याकडे आता चारच्या जागी दोन माग आहेत. मजुरीचा दर "तीच हाय" म्हणाला तो खोटं बोलला नाही. दर तोच आहे.

टॅबवाल्या पोराला सांगून बघितलं की अशाला डबल डोअर देऊ नकोस. तो म्हणाला, "दादा, अक्षय्य तृतीयेचं टार्गेट साठ आलंय, तुम्ही म्हणाल तसं वीस तरी होतील का?" मला नाही म्हणता येईना. माझ्याही गोडाऊनला बँकेचं कर्ज आहे.

भोंगा (६ एप्रिल, सकाळी ८:०५)

दादा, एक अवांतर. आईसाठी छोटा फ्रीज घ्यायचाय, सिंगल डोअर. ती सध्या शाहूवाडीत असते. पूर्ण पैसे रोख देतो. किती कमी कराल?